व्हीसीएस ३: बिघाड कुठला आणि स्वभाव कुठला

लंडनच्या ईएमएस कंपनीचा व्हीसीएस ३ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, समोर ठेवून वीज चालू केली, तर बहुधा काहीच होत नाही. पियानोसारख्या पट्ट्या नाहीत, त्यामुळे दाबायचं काय हाच प्रश्न. नॉब फिरवून पाहिले तरी शांतता. आवाज हवा असेल तर पुढ्यातल्या भोकांच्या जाळीत एक छोटी पिन खोचावी लागते, आणि तीही नेमक्या भोकात. मूग किंवा रोलँडचे जुने सिंथेसायझर सराईतपणे हाताळणाऱ्यांनाही हे वाद्य सुरुवातीला मुकं वाटतं. मग अचानक ते बोलू लागतं, आणि मागितलेलं सोडून भलतंच बोलतं.

असा एखादा जुना नग हाती आला की खरा कस लागतो तो एका जागी: यातलं काय बिघडलं आहे आणि काय मुळातच असं आहे, हे ओळखण्यात. दुरुस्तीच्या भरात चांगली वाद्यं निर्जीव केली जातात, ती इथे गफलत झाल्यामुळे. उलट बाजूही आहे. 'विंटेज आहे, असंच असणार' म्हणत सुकलेल्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या भागाची) घरघर वर्षानुवर्षं ऐकत बसणारेही कमी नाहीत.

यंत्र आलं १९६९ मध्ये. कल्पना आणि पैसा पीटर झिनोविएफ यांचा, सर्किट डेव्हिड कॉकरेल यांचं, आणि तो ओळखीचा लाकडी सांगाडा संगीतकार ट्रिस्ट्रम कॅरी यांनी आखला. झिनोविएफ यांचा स्टुडिओ लंडनच्या पटनी भागात थेम्सकाठी होता, म्हणून वाद्याला 'पटनी' हे टोपणनाव पडलं. स्टुडिओसाठी पीडीपी-८ जातीचा संगणक घ्यायला त्यांच्या पत्नीचा रत्नजडित मुकुट विकला गेला होता. संगणक घरात ठेवून संगीत करणारा माणूस त्या काळात विरळाच. तो स्टुडिओ चालवायला पैसा लागत होता, आणि त्यातून विकण्याजोगं छोटं यंत्र बनवण्याची निकड निर्माण झाली. व्हीसीएस ३ ची किंमत ३३० पौंड ठेवली. मूगच्या भिंतभर मांडणीला हजारो डॉलर पडत असताना ही रक्कम किरकोळ होती. १९७१ मध्ये हेच सर्किट ब्रीफकेसमध्ये घालून सिंथी ए निघाला, आणि १९७२ मध्ये झाकणात स्पर्शाची पट्टी (सपाट कीबोर्ड) आणि सीक्वेन्सर (स्वरांची साखळी लक्षात ठेवून वाजवणारा भाग) बसवून सिंथी एकेएस. आवाजाच्या दृष्टीने तिन्ही एकाच घराण्यातले.

आता जाळी. सोळा रांगा, सोळा स्तंभ, म्हणजे २५६ भोकं. रांगांतून संकेत निघतात: ऑसिलेटर (मूळ लहर काढणारा), नॉइज (खरखर), फिल्टर (आवाजाचे वरचे थर छाटणारा), रिंग मॉड्युलेटर (दोन संकेत गुणून नवा करणारा), जॉयस्टिक वगैरे. स्तंभ म्हणजे ते जाऊ शकतील अशा जागा. डावे आठ स्तंभ ऐकू येणाऱ्या संकेतांचे, उजवे आठ नियंत्रणाचे. ऑसिलेटर एकच्या रांगेत डावीकडे, आउटपुटच्या स्तंभावर पिन खोचली की ऑसिलेटर ऐकू येतो. त्याच रांगेत उजवीकडे, फिल्टरच्या स्तंभावर खोचली की तोच ऑसिलेटर फिल्टरला हलवू लागतो. आवाज आणि नियंत्रण यांच्यात इथे भिंत नाही. इतर सिंथेसायझरांवर ज्याला केबलचं जंगल लागतं ते काम इथे नखाएवढ्या पिनेने होतं, आणि 'हे जोडू नका' असं सांगणारं कोणी नसतं.

पिन ही नुसती धातूची काडी नसते, तिच्या पोटात रेझिस्टर (विजेला अडवणारा भाग) असतो. पांढरी पिन २७०० ओहमची, ५ टक्के चूकभूल असलेली. लाल पिनही २७०० ओहमचीच, पण १ टक्क्याच्या आतली. हिरवी ६८,००० ओहमची, म्हणजे संकेत बराच क्षीण करून पुढे पाठवणारी. हा फरक माहीत नसला की लोक यंत्राला दोष देतात. समजा, बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवरून दोन ऑसिलेटर एकदम वाजवायचे आहेत आणि दोन्हीकडे पांढऱ्या पिना लावल्या आहेत. दोन पिनांत ५ टक्क्यांचा फरक निघाला, तर दोन सप्तकं वर जाईपर्यंत ते दोघे एकमेकांपासून साधारण अर्धस्वराने दूर गेलेले असतात. खाली सुरेल आणि वर बेसूर अशी तक्रार आली की आधी पिना तपासाव्यात, पॅनेल उघडू नये. स्वर ठरवणाऱ्या जोडणीला लाल पिन, बाकीच्यांना पांढरी, आणि हलकासा कंप किंवा किंचित ढकलणं हवं असेल तिथे हिरवी.

पिन तपासायला मल्टिमीटर पुरतो. एक टोक पिनेच्या अग्राला, दुसरं वरच्या धातूच्या भागाला. २.७ किलोओहमच्या आसपास आकडा आला तर ठीक. काहीच दाखवलं नाही तर आतला सांधा तुटला आहे. पिन वाकवून उपटण्याच्या सवयीने हे होतं. ती सरळ वर ओढायची. यंत्र हलवताना सगळ्या पिना काढून डबीत ठेवाव्यात. खोचलेल्या पिनेला धक्का बसला तर पिनेबरोबर जाळीतला स्प्रिंगचा संपर्कही जातो, आणि पिन मिळते तशी जाळी मिळत नाही.

जाळीचा आणखी एक गुण आहे, आणि तो बिघाड समजून दुरुस्त करायला घेऊ नये. एकाच रांगेत चार पिना खोचल्या की त्या स्रोतावर चौघांचा भार पडतो आणि संकेत थोडा खचतो. ऐकू येणाऱ्या आवाजात ते फारसं कळत नाही, स्वर ठरवणाऱ्या व्होल्टेजमध्ये लगेच कळतं. म्हणून आधी सगळ्या पिना खोचायच्या आणि मगच सूर लावायचा. सूर लावून झाल्यावर 'अजून एक गंमत' म्हणून पिन घातली की सूर सरकतो. सरकलेला सूर पुन्हा लावावा लागतो, दुसरा उपाय नाही.

शिवाय प्रत्येक जोडणीला वेगळा कमी-जास्त करण्याचा नॉब नाही. ऑसिलेटर तीनचा लेव्हल नॉब वाढवला तर तो जिथे जिथे गेला आहे तिथे सगळीकडे वाढतो. त्याला ऐकायचंही आहे आणि त्यानेच दुसऱ्या ऑसिलेटरला कंपही द्यायचा आहे, अशी ओढाताण झाली की एकीकडे पांढरी आणि दुसरीकडे हिरवी पिन घालून तडजोड करायची. या यंत्रावरची निम्मी कारागिरी अशा तडजोडींची असते.

आता बंद पडून राहिलेला नग. सर्वात आधी मागचा व्होल्टेज पर्याय बघावा. ब्रिटनमधला नग २४० व्होल्टवर लावलेला असतो, आपल्याकडच्या २३० वर तो चालतो. अमेरिकेत गेलेला ११५ वर असू शकतो, आणि तो थेट आपल्या सॉकेटमध्ये गेला तर ट्रान्सफॉर्मरची राख. मग फ्यूज: लिहिलेल्या मूल्याचाच आहे ना, की कोणी तार गुंडाळून ठेवली आहे? त्यानंतर सरळ वीज न देता सिरीज लॅम्प (विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावून द्यावी. वायरमन वापरतात तोच साधा बोर्ड, ४० वॉटचा पिवळा बल्ब. हे यंत्र वीज फार कमी खातं, त्यामुळे बल्ब क्षणभर लुकलुकून जवळपास विझायला हवा. तो भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबावं. उघडताना मुख्य विजेची बाजू उघडी असते हे विसरू नये. ज्यांना त्या बाजूची सवय नाही त्यांनी झाकणाला हात लावू नये.

बल्बची परीक्षा पास झाली की पुरवठा मोजायचा. आतल्या बोर्डांना अधिक १२ आणि उणे ९ व्होल्ट लागतात. इथे आकडा डळमळीत असेल किंवा शंभर हर्ट्झची गुणगुण त्यावर चढली असेल, तर पुढचं कुठलंही ट्यूनिंग व्यर्थ आहे, कारण प्रत्येक ऑसिलेटर याच दोन आकड्यांना धरून उभा असतो. गुणगुणीचं कारण बहुतेकदा वीजपुरवठ्याचे मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. पन्नास वर्षांत त्यातला द्राव सुकतो आणि धारकता उतरते. ते बिनदिक्कत बदलावेत: तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे. हा निखळ बिघाड आहे, त्यात स्वभाव वगैरे काही नाही. ऑसिलेटर आणि फिल्टरमधले फिल्मचे कपॅसिटर मात्र सहसा म्हातारे होत नाहीत. 'सगळेच बदलून टाकू' या उत्साहात तेही उपटले गेले की ट्यूनिंगची घडी मोडते आणि जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उचकटतात.

नॉब फिरवताना येणारी खरखर म्हणजे कार्बन पट्टीवरची धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक बारीक फवारा नॉबमागच्या पॉटच्या (बदलत्या रेझिस्टरच्या) आत, मग वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं. तेलकट स्प्रे जाळीत मात्र कधीही मारू नये. तेलावर धूळ बसते, धुळीवर ओल, आणि मग शेजारच्या भोकांत संकेत झिरपू लागतात. पिनाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्या-त्या भोकात आठ-दहा वेळा आतबाहेर केल्या की संपर्क घासून स्वच्छ होतो. मुंबई-कोकणाच्या पावसात हे काम वाढतं. यंत्र पेटीत बंद ठेवून सिलिका जेलच्या पुड्या टाकण्यापेक्षा ते आठवड्यातून एकदा वाजवणं जास्त उपयोगी पडतं. आतली ऊब ओल घालवते आणि पिनांची हालचाल संपर्क जागे ठेवते.

नॉइज जनरेटर दबका झाला असेल तर तोही खरा बिघाड असू शकतो. उलट्या दिशेने व्होल्टेज देऊन ट्रान्झिस्टरच्या सांध्याला खरखरायला लावलेलं असतं, आणि सगळे ट्रान्झिस्टर सारखे खरखरत नाहीत. त्याच क्रमांकाचे मूठभर आणून एकेक लावून ऐकावे लागतात. सर्वात वाईट ट्रान्झिस्टर इथे सर्वात चांगला ठरतो.

रिंग मॉड्युलेटरच्या एकाच बाजूला संकेत दिला तरी तो मागून पुसट ऐकू येतो. आतला प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून ही गळती कमी करता येते, शून्य होत नाही. त्या मागे लागू नये. स्प्रिंगच्या रिव्हर्बचंही (आवाज घुमवणाऱ्या भागाचंही) तसंच. स्प्रिंग आणि दोन स्पीकर एकाच खोक्यात असल्यामुळे रिव्हर्ब वाढवून स्पीकर मोठा केला की हुंकार सुरू होतो. बाहेरचा अॅम्प्लिफायर लावून आतले स्पीकर बंद केले की हुंकार थांबतो. काही जण मात्र तो हुंकारच वाजवतात, आणि ते चुकीचे नाहीत.

सर्वात जास्त शिव्या पडतात त्या ऑसिलेटरच्या ढळण्याला. कारण समजून घेण्यासारखं आहे. व्होल्टेज समान पावलांनी वाढलं की स्वर सप्तकासप्तकाने वाढावा, यासाठी ट्रान्झिस्टरचा घातांकी गुण वापरतात. त्या ट्रान्झिस्टरच्या बेसपाशी (नियंत्रणाच्या टोकापाशी) एक सप्तक म्हणजे सुमारे १८ मिलिव्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराला जेमतेम दीड. आणि सिलिकॉनचा सांधा तापमान एक अंशाने बदललं की सुमारे २ मिलिव्होल्ट सरकतो. जोडीला तसाच दुसरा ट्रान्झिस्टर ठेवून हे सरकणं पुष्कळसं कापता येतं, पण दोघांचं तापमान तंतोतंत सारखं राहिलं तरच. पंख्याची झुळूक, एसीचा झोत, स्टेजवरचा दिवा, सगळं स्वरात उतरतं. म्हणून चालू केल्यावर अर्धा तास सूर लावू नये, आणि पंखा यंत्राकडे तोंड करून ठेवू नये. त्याउपर जे ढळतं ते या यंत्राचं असणं आहे. त्यात तापमान भरपाईची आधुनिक सर्किटं बसवून मिळतात. माझ्या मते ती बसवायची असतील तर दुसरं वाद्यच घ्यावं.

ढळणाऱ्या सुराशी आपल्याकडच्या कानाचं वैर नाही. तानपुरा घेऊन बसणाऱ्याला मध्येच मणी सरकवण्यात काही वावगं वाटत नाही. या यंत्रावर तानपुरा लावून बघावा, कान आणि हात दोन्ही तयार होतात. ऑसिलेटर एकची करवती लहर षड्जावर, समजा १४० हर्ट्झ. ऑसिलेटर दोन पंचमावर, २१० हर्ट्झ. ऑसिलेटर तीन खर्जात, ७०. तिन्ही फिल्टरमध्ये, फिल्टर आउटपुटला. मीटर बघायचा नाही, आवाजातली लहर ऐकायची. षड्जाचा तिसरा स्वयंभू स्वर (त्याच्यातच दडलेला, तिप्पट कंपनांचा) ४२० हर्ट्झवर येतो आणि पंचमाचा दुसराही ४२० वर. पंचम किंचित हुकला की तिथे हेलकावा ऐकू येतो. फरक एक हर्ट्झचा असेल तर सेकंदाला एक हेलकावा. तो लांबत लांबत थांबला की पंचम शुद्ध लागला. हार्मोनियमचा समविभागी पंचम घेतला, तर दर दोन सेकंदांना साधारण एक हेलकावा कायम राहतो. व्हीसीएस ३ वर कुठलाच स्वर आधी ठरलेला नाही, त्यामुळे शुद्ध पंचम लावायला कोणाची परवानगी लागत नाही. मग फिल्टरचा रिस्पॉन्स (एका उंचीवरचा आवाज उठावदार करणारा नॉब) थोडा चढवून फिल्टरच्या फ्रीक्वेन्सीचा नॉब अगदी सावकाश फिरवला की एकेक स्वयंभू स्वर पुढे येतो. जवारीची सर त्याला येत नाही, पण त्या दिशेची वाट दिसते.

हे झाल्यावर जॉयस्टिक. हात काढला तरी ती जिथल्या तिथे राहते, म्हणून मींड घेऊन वरच्या स्वरावर थांबता येतं. आडवी हालचाल ऑसिलेटर एकच्या स्वराला हिरव्या पिनेने, उभी हालचाल फिल्टरला पांढऱ्या पिनेने, आणि दोन्ही दिशांचे रेंज नॉब कमीत कमी. रेंज जास्त ठेवली की केसभर हालचालीने सप्तक ओलांडलं जातं आणि लोक 'हिच्यावर सूर सापडत नाही' म्हणून सोडून देतात.

फिल्टर डायोडच्या शिडीचा आहे. पुढे रोलँडच्या टीबी-३०३ मध्येही त्याच जातीचा फिल्टर आला, पण वागणूक वेगळी. इथे रिस्पॉन्स सातच्या आसपास नेला की फिल्टर स्वतःच गाऊ लागतो, जवळपास निर्मळ साइन लहर. म्हणजे चौथा ऑसिलेटर फुकट. त्यात नॉइज सोडला आणि ऑसिलेटर तीनची त्रिकोणी लहर अगदी संथ करून हिरव्या पिनेने फिल्टरला दिली की वारा. घंटा हवी असेल तर रिंग मॉड्युलेटर: एकीकडे ४२० हर्ट्झ, दुसरीकडे ३१०, बाहेर येतात ७३० आणि ११०. बेरीज आणि वजाबाकी, मूळचे दोघे गायब. हे एन्व्हलपमधून (आवाजाचा चढ-उतार आखणाऱ्या भागातून) न्यावं. एन्व्हलप चार टप्प्यांचा आहे: चढ, थांबा, उतार आणि विश्रांती. घंटेला चढ आणि थांबा शून्यावर, उतार लांब, विश्रांतीचा नॉब पूर्ण उजवीकडे म्हणजे लाल बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही.

तोच विश्रांतीचा नॉब मागे आणला की एन्व्हलप आपोआप फिरू लागतो आणि यंत्र माणसावाचून वाजतं. उताराचा वेळ व्होल्टेजने बदलता येतो, त्यासाठी उजवीकडे वेगळा स्तंभ आहे. ऑसिलेटर तीन दहा सेकंदांत एक फेरी इतका संथ करून तिथे जोडा. आता दर ठोक्याचं अंतर वेगळं. एन्व्हलपचा आकार परत ऑसिलेटर दोनला द्या, ऑसिलेटर दोन फिल्टरला, फिल्टर पुन्हा रिंग मॉड्युलेटरला. चौथ्या-पाचव्या पिनेनंतर काय घडेल हे सांगणं अनुभवींनाही जमत नाही. ही जागा या वाद्याची सर्वात श्रीमंत जागा आहे, आणि पट्ट्या जोडून ओळखीच्या चाली वाजवणारे तिथवर पोचतच नाहीत.

एकेएसचा सीक्वेन्सर २५६ घटना लक्षात ठेवतो आणि वीज गेली की विसरतो. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'ऑन द रन'मधली धावती साखळी याच यंत्रावरची: मोजके आठ स्वर सावकाश भरायचे, मग वेगाचा नॉब चढवायचा, म्हणजे स्वर तेच राहतात आणि वेग अंगावर येतो. वर नॉइजचे बारीक ठोके आणि सतत हलणारा फिल्टर. स्पर्शाची पट्टी बोटांच्या ओलाव्याप्रमाणे लहरी होते, त्यामुळे भरताना एका बोटाने, एकाच दाबाने वाजवावं.

आजच्या मॉड्युलर (सुटे भाग जोडून बनवलेल्या) संचाशी जोडताना गणित लक्षात ठेवावं. तिकडे एका सप्तकाला १ व्होल्ट, इकडे सुमारे ०.३२. थेट जोडलं तर एका सप्तकाच्या मागणीला तीन सप्तकं उडी बसते. मध्ये साधा अॅटेन्युएटर (व्होल्टेज कमी करणारा नॉब) घालून कानाने जुळवलं तरी भागतं, फक्त नंतर त्या रांगेत नवी पिन खोचायची नाही.

सापडलेला आवाज जपण्याचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे तिथल्या तिथे ध्वनिमुद्रण. पॅनेलचा फोटो काढून ठेवावा, ईएमएसही त्यासाठी कोरे तक्ते देत असे. पण फोटोवरून आवाज परत उभा राहतो तो ऐंशी टक्केच. नॉबची केसभर जागा, त्या दिवसाचं तापमान आणि नेमकी तीच पांढरी पिन फोटोत येत नाही. दोन्ही आउटपुट वेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत आणि पातळी बरीच खाली ठेवावी, कारण फिल्टर गायला लागला की आवाज अचानक उसळतो.

खरा नग आता फार थोड्यांच्या वाट्याला येतो. शिकायचं असेल तर आयपॅडवरचं आयव्हीसीएस३ किंवा संगणकावरचं आर्ट्युरियाचं सिंथी व्ही घ्यावं. जाळी तीच, विचारही तोच. सगळ्या पिना काढून, सगळे नॉब शून्यावर आणून सुरुवात करावी. एक पिन, मग ऐकणं, मग दुसरी. तयार पॅच (पिना आणि नॉबांची मांडणी) उघडून त्यात बदल करत बसणाऱ्याला कुठली पिन काय करते हे कधीच कळत नाही.